शिणाचा आकडा

शाळकरी मुलांचा शीण मोजायला मी एस.टी.नं गावोगाव जायची, असं सांगितलं की ऐकणारे आधी हसतात आणि मग विचारतात, कशानं मोजायचा? कागदानं, असं मी म्हणते. मग ते आणखी हसतात. त्यांचं चुकत नाही. ताप मोजायला थर्मामीटर लागतो, रक्तदाबाला पट्टा लागतो. पण शीण मोजायला वीस प्रश्नांचा एक कागद आणि तो गंभीर चेहऱ्यानं वाटणारी एक बाई पुरते, यावर माझाही सुरुवातीला विश्वास नव्हता. पुढे तो बसला, मग एकदा पार उडाला, आणि त्यानंतर जो बेताचा उरला तो निवृत्तीपर्यंत पुरला. उडाला त्या वेळची ही हकिगत आहे.

ऐंशी साल उलटलं होतं. नागपुरात आमची कचेरी होती तीन खोल्यांची. नाव मात्र इतकं लांब की पाटी रंगवणाऱ्याला शेवटची अक्षरं एकमेकांच्या मांडीवर बसवावी लागली होती. काम साधं. शाळांमधून जायचं, मुलांच्या बुद्धीच्या आणि आवडीच्या चाचण्या घ्यायच्या, दहावीनंतर कुठं जा ते सांगायचं. मुलं ऐकून घ्यायची आणि बाप सांगेल तिकडे जायची.

कचेरीचे प्रमुख आमचे डॉक्टरसाहेब. औषधांचे नव्हेत, मानसशास्त्राचे. ते सहा महिने परदेशी जाऊन आले आणि येताना एक प्रश्नावली घेऊन आले. माणूस कामानं थकतो ते निराळं, आणि कामावरून मनच उठतं, आतून विझल्यासारखं होतं, ते निराळं. या दुसऱ्या प्रकाराला तिकडे बर्नआउट म्हणतात, आणि तो आता शाळकरी मुलांतही दिसतो, असं साहेबांनी आम्हाला पहिल्याच दिवशी सांगितलं. त्यानंतर रोज सांगितलं. आपल्याकडच्या मुलांत तो किती आहे हे आपण मोजायचं आणि हिवाळ्यातल्या चर्चासत्रात निबंध वाचायचा, असा त्यांचा बेत होता.

मोजायचं तर प्रश्न मराठीत हवे. त्यासाठी एक समिती बसली. समितीत दोन प्राध्यापक होते आणि दोघांनाही बर्नआउटला संस्कृतात गाठायची घाई होती. एकांनी ‘दग्धता’ सुचवली, दुसऱ्यांनी ‘मनोज्वलन’. तीन बैठका यावर गेल्या. शेवटी स्टेन्सिल कापायला बसलेले आमचे टंकलेखक रामटेके यांनी मथळा वाचून शांतपणे विचारलं, “साहेब, हे पोरांच्या अभ्यासाबद्दल आहे का जळीत केसबद्दल?” त्या दिवशी ‘शीण’ हा शब्द एकमतानं मंजूर झाला. कागदोपत्री श्रेय समितीला.

भाषांतराची एक रीत असते, ती बाहेरच्यांना ठाऊक नसते. मराठी केलेले प्रश्न अशा माणसाकडे पाठवायचे ज्यानं मूळ इंग्रजी पाहिलेलं नाही. त्यानं ते परत इंग्रजीत करायचे. मग दोन्ही इंग्रजी शेजारी ठेवायची. जिथं जुळत नाही तिथं मराठी फसली. आमचं ‘जीव उबगतो’ परत आलं तेव्हा त्याला इंग्रजीत ओकारीची व्याधी जडलेली होती. ते काढलं. चार महिने घासून घासून वीस प्रश्न तयार झाले. ‘शाळेच्या अभ्यासानं मी दमून जातो’ किंवा ‘शाळेची घंटा झाली की माझे हातपाय गळतात’ अशा धर्तीचे. प्रत्येकापुढे पाच चौकोन: कधीच नाही, क्वचित, कधी कधी, बहुतेक वेळा, रोज. शून्यापासून चारपर्यंत गुण. काही प्रश्न मुद्दाम उलटे, ‘शाळेत मला ताजंतवानं वाटतं’ असे. म्हणजे न वाचता एकाच रांगेत खुणा करणारा आपोआप सापडतो. शेवटी भोकं पाडलेला पुठ्ठा कागदावर ठेवायचा, खुणा मोजायच्या, बेरीज करायची. ऐंशीपैकी जितके जास्त तितका शीण जास्त.

आणखी एक नियम होता आणि तो मी स्वतः टंकलिखित करून घेतला होता. वर्गात सूचना अक्षरशः वाचायच्या. मुलानं काहीही विचारलं तरी स्पष्टीकरण द्यायचं नाही. एवढंच म्हणायचं: प्रश्न पुन्हा वाच आणि तुला योग्य वाटेल तिथं खूण कर. एका वर्गात मी उदाहरणं देऊन समजावलं आणि दुसऱ्यात नाही, तर दोन वर्गांचे आकडे शेजारी कसे ठेवणार? हा नियम मूर्खपणाचा नाही. आजही मी तो शिकवीन. फक्त शिकवताना जरा थांबेन.

शहरातल्या शाळांनी आमचं समाधान केलं. तिथं शीण भरपूर निघाला. लकडगंजातले एक व्यापारी मुलाला घेऊन कचेरीत आले आणि टेस्ट घ्या म्हणाले. मुलाचे एकोणतीस आले. त्यांचा चेहरा उतरला. शेजाऱ्याच्या मुलाचे शाळेत एक्केचाळीस आले होते, आणि शेजाऱ्याचा मुलगा यांच्यापेक्षा जास्त अभ्यास करतो हे त्यांना मान्य नव्हतं. परत घ्या, आज तो झोपून आला आहे, असं ते अर्धा तास म्हणत राहिले. मुलगा छताकडे पाहत होता. त्या मुलाचा खरा शीण आम्ही त्या अर्ध्या तासात पाहिला, पण त्याला चौकोन नव्हता.

मग ग्रामीण शाळांची पाळी आली. काटोलकडच्या दोन झाल्या आणि तिसरी उमरेडच्या पुढची, बसमधून उतरून वीस मिनिटं चालत जायची. विणकरांचं गाव. शाळेत पोचेपर्यंत घराघरातून मागांची खटखट ऐकू येत होती. मुख्याध्यापक वैरागडे सर म्हणजे इस्त्रीचा पांढरा सदरा, आवाज मोजका. शाळेचा दहावीचा निकाल तालुक्यात वर होता आणि तो फळ्यावर रंगानं लिहून ठेवलेला होता, खडूनं नव्हे.

दहावीच्या वर्गाला कागद वाटले. नाव लिहायचं नाही, फक्त अनुक्रमांक, असं मी सूचनेत वाचलं. मुलांनी मन लावून ऐकलं आणि प्रत्येकानं उजव्या कोपऱ्यात सुरेख अक्षरात आपलं पूर्ण नाव लिहिलं. शाळेत बिननावाचा कागद देणं म्हणजे उद्धटपणा, असं त्यांना पाचवीपासून शिकवलेलं होतं. मी ते पाहिलं आणि काही केलं नाही.

कागद भरणं चालू असताना खिडकीजवळच्या बाकावरून एक मुलगी उठली. सडसडीत, घट्ट दोन वेण्या. तिनं विचारलं, “बाई, शाळेनं येते तो थकवा लिहाचा, का घरून आनला तो?”

वर्ग हसला. मी हसले नाही. मी नियम पाळला. “प्रश्न पुन्हा वाच आणि तुला योग्य वाटेल तिथं खूण कर,” असं म्हणाले. ती बसली, बोट ठेवून वाचू लागली, आणि मी घड्याळ पाहिलं.

बेरजा झाल्या तेव्हा त्या वर्गाची सरासरी सगळ्या शाळांत सर्वांत खाली आली. एका मुलीचा आकडा तर चक्क शून्य. उलटे प्रश्नसुद्धा न चुकता टिपलेले, म्हणजे डोळे मिटून केलेलं काम नव्हे. नाव सुमन. डॉक्टरसाहेब खूश झाले. खेड्यातलं मोकळं जीवन आणि निरोगी मन यावर त्यांनी निबंधात दीड पान घातलं. मोकळं जीवन त्यांनी पाहिलं होतं ते मोटारीच्या काचेतून.

इथं मी दुसरी चूक केली, आणि तिच्यासाठी कुठल्या नियमाचाही आधार नव्हता. वैरागडे सरांनी नम्र पत्र पाठवून आपल्या मुलांचे आकडे मागितले. वैयक्तिक आकडे द्यायचे नसतात. पण नावं तर कागदांवर होतीच, पत्र फार अदबीचं होतं, आणि माझ्या कामात एखाद्या मुख्याध्यापकाला रस वाटतो याची मला अपूर्वाई होती. मी यादी करून, कचेरीचा शिक्का मारून पाठवून दिली.

महिन्याभरानं त्यांचं आभाराचं पत्र आलं. आमच्या शास्त्रीय चाचणीमुळे एका अवघड निर्णयात मोठी मदत झाली, असं त्यांनी लिहिलं होतं. कु. सुमन ही विद्यार्थिनी वर्गात पेंगते, सहामाहीत तीन विषयांत नापास आहे. तिचे वर्गशिक्षक ‘पोरगी थकलेली असते, सांभाळून घ्या’ असं सांगत होते. परंतु चाचणीत शीण शून्य आल्यानं हा केवळ आळस असल्याचं सिद्ध झालं, सबब तिचा बोर्डाचा फॉर्म न पाठवण्याचं ठरवलं आहे. कळावे.

तो कागद मी टेबलावर ठेवला आणि तेव्हा मला खिडकीजवळची ती दोन वेण्यांची मुलगी आठवली. फॉर्म पाठवायची शेवटची तारीख पाच दिवसांवर होती. खेड्यातल्या मुलीचा फॉर्म एकदा राहिला की पुढच्या वर्षी कुणी भरत नाही, हे या नोकरीत मला कळलेलं होतं. डॉक्टरसाहेब दौऱ्यावर होते. मी रामटेक्यांच्या टेबलावर रजेचा अर्ज ठेवला. त्यांनी तो वाचला, माझ्याकडे पाहिलं आणि रजेऐवजी ‘कार्यालयीन कामासाठी’ असं टाइप करून दिलं.

शाळेत न जाता मी आधी तिच्या घरी गेले. दहाचा सुमार होता. पुढच्या खोलीत पाय खड्ड्यात सोडून चालवायचा माग, त्यावर तिचे वडील. सुमन मागाच्या तोंडाशी वाकून तुटलेले धागे सांधत होती. मला पाहून ती उभी राहिली, हातातलं टोक न सोडता. आईनं चरखा थांबवला आणि म्हणाली, “सुमे, बाईले पानी दे वं.”

हळूहळू सगळं कळलं. वडिलांची नजर दोन वर्षांपासून कमी होत चालली होती. पाय चालतात, हात चालतात, पण धागा दिसत नाही. धागा दिसला नाही तर कापडात खोट राहते आणि घेणारा ते परत करतो. म्हणून सुमन पहाटे चारला उठायची. आधी चरख्यावर सुताच्या कांड्या भरायच्या, मग उजाडलं की वडिलांचे डोळे व्हायचं, साडेदहापर्यंत. शाळा सुटली की पुन्हा तेच.

“मग तू शून्य कसं लिहिलंस?” मी विचारलं. माझ्या आवाजात तक्रार होती, हे सांगायला आज लाज वाटते.

“शाळेत कुठं थकाले होते, बाई? शाळेत तं बसाले भेटते,” ती म्हणाली. मग जरा थांबून, “तुम्ही म्हनल्या परत वाच. मी परत वाचलं. सगळे प्रश्न शाळेचेच होते.”

दोष देत नव्हती. हिशेब बरोबर होता का, एवढंच विचारत होती. वीस प्रश्न, चार महिने, दोन प्राध्यापक. आणि आमच्यापैकी कुणाच्याही मनात आलं नव्हतं की एखाद्या मुलीला शाळा हीच विश्रांतीची जागा असू शकते.

फॉर्म अडकल्याचं आईला ठाऊक होतं. तिनं भांडण केलं नव्हतं. ती म्हणाली, “पास नाही झाली तं नाही झाली. पन बसू तं द्या म्हनावं. ते नर्सबाईचं शिक्याचं म्हनते. मॅट्रिकशिवाय घेत नाही न थे.” मागावरून वडील पहिल्यांदाच बोलले, म्हणाले, “माह्या डोयापायी तिचं नोका अडवू.”

वैरागडे सरांनी मला खुर्ची दिली, चहा सांगितला. मी सगळं सांगितलं. त्यांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. शेवटी फाइल उघडून माझी यादी माझ्यापुढे सरकवली.

“मॅडम, मी काही पोरीचा दुश्मन नाही. तिचे सर म्हणत राहिले, थकते, थकते. मी म्हटलं पाहू. मग हा कागद आला. शिक्का तुमचा, सही तुमची. शून्याच्या खाली तर आकडाच नसतो ना?”

मी म्हटलं, आकडा बरोबर आहे, पण तो तिचा शीण मोजत नाही.

“मग तसं लिहून द्या. उद्या निकाल घसरला तर संस्थेचे लोक मला विचारतील, काहून पाठवली म्हणून. बोलण्यावर फॉर्म जात नाही.”

त्यांची मागणी वाजवी होती. माझी अडचण निराळी होती. मी नोकरीत कायम व्हायची होते आणि माझा गोपनीय अहवाल डॉक्टरसाहेब लिहायचे होते. त्यांच्या निबंधातलं दीड पान ज्या वर्गावर उभं होतं, त्याच वर्गाबद्दल मी हे लिहून देणार होते, आणि शाळेच्या फाइलमधला कागद आज ना उद्या कुणाच्या तरी हाती पडतोच. चहा निवेपर्यंत मी बसून राहिले. मग कागद मागितला आणि लिहिलं:

‘कु. सुमन हिच्या नावापुढे आमच्या कचेरीनं शून्य हा आकडा कळवला. प्रश्नावलीत फक्त शाळेमुळे येणारा शीण विचारला आहे. ही मुलगी शाळेत येण्याआधी सहा तास काम करून येते. कोणता शीण लिहायचा असं तिनं वर्गात विचारलं होतं. मी उत्तर दिलं नाही. चूक मुलीची नसून माझी आहे. आकडे शाळेला देणंही नियमाला धरून नव्हतं.’

सरांनी ते दोनदा वाचलं. “असं कोणी लिहून देत नाही, मॅडम,” ते म्हणाले, आणि खणातून फॉर्म काढून सही केली. पास होईल असं मी म्हणत नाही, हेही लगेच सांगितलं. मला दारापर्यंत सोडायला आले तेव्हा, जणू शाळेच्या इमारतीबद्दल बोलावं तसं म्हणाले, “पी.टी.च्या तासाला तिला प्रयोगशाळेत बसू देतो. झोपली तर झोपली. तिथं तसाही कोणता प्रयोग होते?”

डॉक्टरसाहेब परतल्यावर मी स्वतःच त्यांना सगळं सांगितलं. दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. मला वाटलं, संपलं. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला बोलावलं. निबंधातलं ते दीड पान आडव्या रेघेनं खोडलेलं होतं आणि प्रश्नावलीच्या माथ्यावर एक नवा प्रश्न लिहिलेला होता: ‘शाळेत येण्याआधी तू कोणकोणती कामं करून येतोस?’ त्याला चौकोन नव्हते, तीन रिकाम्या ओळी होत्या. हा प्रश्न आपल्याला प्रवासात सुचला, असं साहेब म्हणाले. चर्चासत्रातही त्यांनी तसंच सांगितलं आणि टाळ्या घेतल्या. मला त्यांनी कायम केलं, आणि माझ्या पत्राबद्दल अहवालात एक अक्षर लिहिलं नाही. भपका असलेल्या माणसाकडून इतका मोठेपणा मी अपेक्षिला नव्हता. त्यांच्याबद्दल आजवर जी टिंगल केली तिच्यातली निम्मी मी त्याच दिवशी मनातून मागे घेतली. उरलेली तुम्ही वर वाचलीच आहे.

पुढच्या दौऱ्यात त्या तीन ओळींत आम्हाला बरंच काही मिळालं. कुणी संत्र्याच्या बागेत राखण करून येत होतं, कुणी पाच घरची धुणी धुऊन, कुणी आजारी आजीला न्हाऊ घालून. या ओळींची बेरीज करता येत नाही, अशी एका प्राध्यापकांची तक्रार होती. ती खरी होती. आम्ही त्या नुसत्या वाचायचो.

जूनमध्ये दहावीचा निकाल लागला. यादी आमच्याकडे यायची नव्हती, आणि विचारायचं धाडस मला होईना. आठवड्यानं वैरागडे सरांचं पोस्टकार्ड आलं. अक्षर तेच, मोजकं. सुमन गणितात गेली, बाकी सर्व विषयांत निघाली, आणि तिच्यामुळे शाळेचा निकाल तालुक्यात पहिल्यावरून तिसऱ्यावर आला, असं त्यात होतं. इथवर वाचून मी कार्ड खाली ठेवलं. काय वाचायचं उरलं असेल ते मला ठाऊक आहे असं वाटलं. माझं पत्र त्यांच्या फाइलमध्ये होतं, आणि संस्थेच्या लोकांनी विचारल्यावर ते बाहेर निघालंच असणार.

थोड्या वेळानं पुन्हा उचललं. खाली दोनच ओळी होत्या: ‘ऑक्टोबरचा फॉर्म मी स्वतः भरून पाठवला आहे. गणित मीच घेतो, पी.टी. संपल्यावर, झोप झाल्यावर. याकरिता आपल्या कचेरीच्या कोणत्याही आकड्याची आवश्यकता नाही.’

सुमन ऑक्टोबरात गणितात सुटली आणि पुढे नर्सिंगला गेली. तो आनंद तिच्या घरचा, त्यात माझा वाटा थोडा. पण त्या शेवटच्या ओळीबद्दल मी वैरागडे सरांची कायमची ऋणी आहे. आमच्या खात्याला इतक्या सभ्य भाषेत घरी बसायला दुसऱ्या कुणी सांगितलं नाही.